भाज्यांचं जहाज

जत्रा सकाळी बघू नये, असं ते म्हणत. सकाळी सगळ्याच जत्रा चांगल्या दिसतात. मुळे धुतलेले असतात, मंडपाच्या दोऱ्या ताठ असतात आणि उद्घाटनाला आलेला माणूस खोटं का होईना, हसत असतो. "दुपार कलल्यावर या," ते म्हणत. "मोडताना बघा. मांडायला सगळ्यांनाच येतं."

त्सुकुबातले मराठी लोक पाठीमागे त्यांना जत्रावाले काका म्हणत. समोर 'सर', कारण इथल्या एका संस्थेत मातीतल्या बुरशीवर काम करून ते निवृत्त झाले होते, आणि आमच्यातले बरेचजण शाळेत होते तेव्हापासून ते जपानमध्ये होते. मी काका म्हणत असे. ते मला 'तराजूवाले' म्हणत. मी कारखान्यांना लागणारे वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत आहे, काटे तपासण्याचं काम करतो. जत्रेत भोपळ्याचं वजन ओळखण्याची स्पर्धा असली की ते मला ढकलत. मी भाग घेत नसे. ज्याचा धंदाच तो आहे त्याने बक्षिसाची भोपळ्याची फोड नेणं बरोबर नाही, असं मला वाटे.

"तुमची सचोटी म्हणजे अगदी रिकामा काटा आहे," ते म्हणत. "शून्य दाखवतो आणि खूश असतो."

इथे आपल्यासारखी राज्यं नाहीत, प्रीफेक्चर आहेत. शरद ऋतूत बहुतेक प्रीफेक्चरांत शेतीची जत्रा भरते. शेतकरी भाज्या आणून ताटांत मांडतात, परीक्षक फिरतात, सोनेरी आणि रुपेरी कागद लागतात. बाहेर खाण्याचे ठेले, ढोल, ट्रॅक्टरवर बसून फोटो काढणारी मुलं. मोठ्या जत्रेत एक जहाज असतं. लाकडाचा आणि बांबूचा सांगाडा, त्यावर मुळे, कोबी, गाजरं, कमळकाकड्या, भोपळे असे रचलेले की लाकूड दिसू नये. सुबत्तेचे देव ज्या जहाजातून येतात म्हणतात, ते हे. शेवटच्या दुपारी ते मोडतात आणि रांगेतल्या लोकांना भाज्या फुकट वाटून टाकतात.

काकांनी वयामुळे लायसन्स आपणहून पोलीस स्टेशनात जाऊन परत केलं, तेव्हापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरचे माझे बहुतेक रविवार त्यांना जत्रांना नेण्यात गेले. डांबरी मैदान असलं तरी ते गमबूट घालत. हातात कापडी पिशवी आणि घडीचं छोटं स्टूल. स्टुलावर ते कधी बसले नाहीत. ते काकूंसाठी होतं. काकू यायच्या बंद झाल्या तरी स्टूल येत राहिलं.

मला एकदा वाटलं, एवढ्या जत्रा बघतो आहोत तर एक तक्ता करावा: किती ताटं, किती वर्ग, मागच्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. त्यांनी तो माझ्या फोनवर नीट वाचला आणि फोन परत दिला.

"याच्याशी भांडता येत नाही," ते म्हणाले.

"भांडायचं कशाला?"

"तुलना भांडल्याशिवाय होत नाही हो. तुम्ही म्हणा चिबाची जत्रा चांगली, मी म्हणतो काय डोंबल चांगली, शेंगदाणे सोडून आहे काय तिथे! मग तुम्हाला आठवायला लागेल. तक्ता केला की आठवायचं काम संपलं."

आणि आम्ही भांडायचो. गुन्माच्या कांद्याच्या पातीवरून इबाराकीच्या कमळकाकडीपर्यंत, परतीचा सगळा रस्ता. ते कोणत्याही वर्षाची कोणतीही जत्रा तोंडाने उभी करत. फाटकापासून सुरुवात करत आणि शेवटच्या ठेल्यापर्यंत येत. त्यांची मापं वेगळी होती. ज्याला कसलंच बक्षीस मिळालं नाही तो शेतकरी ताटापाशी उभा राहतो की निघून जातो? न विकलेलं शेवटी कोण नेतं? सगळ्यात तरुण शेतकरी केवढा? हे शेवटचं ते लोकांना थेट विचारत, जपानी माणसाला न शोभेल अशा मोठ्या आवाजात. उत्तर दर वर्षी जास्त वाईट येई. शेतकरी म्हातारे होत चालले होते. मुळ्याच्या वर्गात एके काळी टेबलं पुरत नसत म्हणे. मी पाहिलं तेव्हा अर्ध्या टेबलावर नुसतं पांढरं कापड अंथरलेलं असे.

"ही जत्रा नाही," ते म्हणत. "हजेरी आहे. कोण उरलंय बघायचं."

रांगेच्या बाबतीत त्यांच्याशी माझ्या बायकोचं कधीच जमलं नाही. ती आणि आमची मुलगी एकदा आमच्याबरोबर आल्या होत्या. जहाजाच्या रांगेत मी आणि काका उभे होतो, या दोघी नूडल्स खाऊन आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"मागे," काका म्हणाले.

"अहो काका, आम्ही एकत्रच आहोत," बायको म्हणाली.

"कुटुंब एकत्र असेल. रांग एकेकाची असते. जा. मागे जाऊन उभे राहा."

"लहान मुलगी आहे हो!"

"मग लहानपणीच शिकेल."

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती जाता जाता जपानीत पुटपुटली, "केची!" म्हणजे कंजूष. काकांनी मान वळवली आणि जपानीतच तिला सांगितलं, "होय, फार." दोघी मागे गेल्या. त्यांची पाळी येईपर्यंत जहाजावर नुसते बांबू उरले होते. परतीच्या वाटेवर काकांच्या पिशवीत कोबी आणि दोन गाजरं होती, मागे मुलगी रडत होती, आणि तिला एक गाजर द्यावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. "विक्षिप्त म्हातारा," घरी आल्यावर बायको म्हणाली. ती पुन्हा जत्रेला आली नाही.

ती गाजरं कोणासाठी होती, हे कळण्यासाठी काकूंबद्दल सांगायला हवं.

काकू ठेंगण्या, जिभेला धार असलेल्या. जपानी त्यांचं काकांपेक्षा चांगलं. वॉर्डातल्या बायकांना त्या पोळ्या शिकवत आणि नव्याने आलेल्या मराठी संसारांना कचरा वेगळा करायला शिकवत. मी इथे आलो त्या आठवड्यात त्यांनी माझी कचऱ्याची पिशवी रस्त्यावरच उघडली होती. "बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. आणि ती धुतली का नाही? शिकलेले ना तुम्ही?" इथला एकही नियम त्या मोडत नसत. हे मुद्दाम सांगतो आहे.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातली छोटी जत्रा होती, सप्टेंबर संपत आलेला. मी शेजारीच होतो, त्यामुळे हे सांगोवांगीचं नाही. बक्षिसाच्या दालनात भेंडीचं ताट होतं. सगळ्या भेंड्या एका लांबीच्या, एका रंगाच्या, पट्टी लावल्यासारख्या ओळीत. ताटाला सोनेरी कागद. पुढे दोरी, दोरीला 'हात लावू नये' अशी पाटी. काकू दोरीवरून वाकल्या आणि त्यांनी पहिल्या भेंडीचं टोक मोडलं. टक्. मग दुसरीचं. मग तिसरीचं. आपल्या मंडईत कोणतीही बाई मोडते तसं, अंगठ्याने, न बघता.

"कोवळी आहे," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "अर्धा किलो घेऊ या." आणि त्यांनी पर्स उघडली.

मग गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी धावत आली. मग काका आले, त्यांनी ताटाकडे पाहिलं, काकूंच्या हातातल्या पर्सकडे पाहिलं, आणि कमरेत वाकले. तसे वाकलेले ते मी त्याआधी पाहिले नव्हते. शेतकऱ्याला बोलावलं गेलं. मानेभोवती टॉवेल गुंडाळलेला वाळका म्हातारा. त्याने एक मोडकी भेंडी उचलली, हसला, हात हलवून काही नाही, काही नाही म्हणाला, आणि ताट घेऊन गेला. कापडावर सोनेरी कागद तेवढा राहिला.

गाडीत काकू म्हणाल्या, "त्याने पैसे घेतले नाहीत."

"नाही घेतले," काका म्हणाले.

"का हो?"

"पुढच्या वेळी घेईल."

मला तेव्हा ती गंमत वाटली होती. मागच्या सीटवर काका खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. डॉक्टरांनी काकूंच्या त्या विसरण्याला नाव दिलं ते बरंच नंतर.

पुढच्या वर्षी ते त्या गावच्या जत्रेत आधी भेंडीच्या टेबलापाशी गेले. त्या शेतकऱ्याचं ताट नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं.

"विचारा ना कोणाला तरी," मी म्हणालो.

"काय विचारू? मेलात की रागावलात?"

विचारलं नाहीच. पण दर वर्षी ते त्या टेबलापाशी स्टूल हातात धरून उभे राहत, आणि मग बाहेर येत.

काकूंचं जपानी आधी गेलं, असं काकांनी मला सांगितलं. इतकं चांगलं जपानी, ते सगळ्यात आधी. मग इंग्रजी. घरी सांभाळणं अशक्य झालं तेव्हा त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागलं, आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यांच्याकडे फक्त मराठी उरली होती. जागा स्वच्छ होती, माणसं चांगली होती. पण तिथल्या कोणालाच मराठीचा एक शब्द येत नव्हता. काकांनी त्यांना काही शब्द शिकवले आणि जपानी लिपीत लिहून पलंगाजवळ चिकटवले: पाणी. भूक. दुखतं का. झोपा. तिथल्या मुली ते शब्द फार मनापासून म्हणत. पण 'दुखतं का' विचारल्यावर काकू जे सांगत, ते कोणाला कळणार?

मी एकदा जत्रेहून परतताना काकांबरोबर वर काकूंच्या खोलीत गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. काकांना 'अहो' म्हणाल्या.

"आज कुठली?"

"तोचिगीची."

"गर्दी?"

"बेताची. मंडप लहान केलाय."

"भोपळा?"

"होता की. दोघांनी उचलून ठेवला."

"हार?"

"हार नाही घालत इथे."

"मग कसली मेली जत्रा!" काकू म्हणाल्या, आणि त्यांचा जुना आवाज लागला. "आमच्याकडे नदीच्या पात्रात भरायची. पहिल्या नंबरच्या भोपळ्याला हार घालून बैलगाडीतनं मिरवायचे. माझ्या वडलांच्या कांद्याला फेटा मिळाला होता. कांद्याला नाही, वडलांना. इथले लोक कागद चिकटवतात नुसता."

"चिकटवतात."

"शेवटी काय झालं?"

"जहाज मोडलं. वाटलं सगळं."

"तुम्ही रांगेत होतात?"

"होतो तर." काकांनी पिशवीतून सलगम काढून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो हुंगला, मातीच्या बाजूने.

तेवढंच बोलणं त्यांच्याशी होत असे. जेवणाबद्दल, हवेबद्दल, नातेवाइकांबद्दल बोललं की त्या भिंतीकडे बघत. जत्रेचं काढलं की मागच्या दाराने कुठून तरी आत येत.

एका वर्षी वादळामुळे शेवटची दुपार रद्द झाली. आम्ही चिंब भिजून गाडीत बसलो. मी म्हटलं, वाटेत सुपरमार्केट आहे, तिथून एखादं गाजर घेऊ, काकूंना काय कळणार?

ते इतके चिडले की मी गाडी बाजूला घेतली.

"दुकानातलं गाजर जत्रेचं म्हणून द्यायचं? तिला राहिलंय काय, तराजूवाले? मी कोण आहे हे महिन्यातनं अर्धा वेळ कळत नाही तिला. एवढी एक गोष्ट खरी राहिली आहे. त्यात भेसळ करू?"

ते रिकाम्या हाताने वर गेले. वादळ झालं, काही मिळालं नाही, असं त्यांनी सांगितलं. काकूंना ते फार आवडलं म्हणे. त्यांच्या लहानपणी एकदा नदीला पाणी येऊन सगळी जत्रा वाहून गेली होती, ते त्यांना आठवलं.

त्यांच्या शेवटच्या शरदात, परतीच्या रस्त्यावर, ते भांडले नाहीत. मी मुद्दाम चिबाची स्तुती केली तरी नाही. मग म्हणाले, "पोटात गाठ आहे. काढता येण्यासारखी नाही म्हणतात."

मी विचारलं, काकूंना भारतात नेता येईल का? विमानाचा प्रवास झेपणार नाही, ते म्हणाले. आणि तिकडे होतं कोण? मूलबाळ नव्हतं. त्यांच्या भावाने मागेच जमीन विकली होती.

"जेवायला घालतील. अंघोळ घालतील. औषध वेळेवर देतील, तुमच्या-माझ्यापेक्षा चोख. बोलणार कोण तिच्याशी?"

"आम्ही जाऊ. दर रविवारी एकजण तरी..."

"रविवार मोजू नका. जाऊन काय बोलाल? तुम्हाला ती ओळखत नाही."

मी सिग्नलला गाडी थांबवली.

"जत्रेचं सांगा," ते म्हणाले. "शेवटपर्यंत थांबून सांगा. अर्धवट बघून गेलात तर ती पकडेल."

उन्हाळ्यात ते गेले. अंत्यविधीला संस्थेतले दोन म्हातारे आणि आम्ही. काकूंना सांगायला हवं असं माझं मत होतं. बायकोने सांगितलं. काकू खूप रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हे कुठे गेले? बायकोने पुन्हा सांगितलं, आणि त्या पुन्हा तशाच, पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडल्या. तिसऱ्या वेळी त्या मजल्यावरची मुख्य नर्स आम्हाला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "तुम्ही काय सांगता ते मला समजत नाही. पण त्यांच्यासाठी ते दर वेळी आजच घडतं." त्यानंतर आम्ही सांगणं सोडलं. काकूंनी हळूहळू विचारणंही सोडलं. पुढे त्या काहीच बोलेनाशा झाल्या. बायको शेजारी बसून मराठीत बोलत राही, त्या भिंतीकडे बघत. जेवण अर्धं परत जाऊ लागलं. वजनाचा कागद नर्सने मला दाखवला. आकडे कुठल्या दिशेने चालले आहेत हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नोव्हेंबरमध्ये मी एकटाच जत्रेला गेलो. स्टूल गाडीतच राहिलं होतं, ते बरोबर घेतलं. दुपारी पोहोचलो, शेवटपर्यंत थांबलो. जहाज मागच्या वर्षीच्या साधारण दोन तृतीयांश होतं. रांग मात्र तेवढीच. माझी पाळी आली तेव्हा मुळे उरले होते. एक मिळाला.

काकू पलंगावर बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. मी स्टूल उघडून बसलो. मला लाज वाटत होती, नाटकात काम करायला लावल्यासारखी. तरी फाटकापासून सुरुवात केली. गर्दी बेताची. भोपळा होता, मागच्यापेक्षा हलका असावा. ढोल वाजवणारी मुलं थंडीने काकडली होती. पाती कांद्याच्या टेबलाशी एक आजोबा होते, बक्षीस नव्हतं, पण ताटापाशी उभे होते. सगळं खरं सांगितलं, जे पाहिलं तेवढंच.

"हार?" भिंतीकडून आवाज आला.

"नाही हो काकू. इथे घालत नाहीत."

"कसली मेली जत्रा." त्या वळल्या. "शेवटी?"

"जहाज मोडलं. वाटलं सगळं." मी मुळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने त्याचं शेपूट मोडलं आणि हुंगलं. मग दाराकडे बघितलं, बराच वेळ.

"हे कुठेत?"

मला त्या नर्सचं बोलणं आठवलं. काकांचंही आठवलं, भेसळीचं. दोन्ही एकाच वेळी पाळता येण्यासारखं नव्हतं.

"रांगेत आहेत," मी म्हणालो.

काकूंनी मुळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कचऱ्याची पिशवी उघडून बघताना पाहिलं होतं तसं.

"ते रांगेत आहेत, तर मुळा तुमच्या हातात कसा?"

मी स्टूल जरा मागे सरकवलं.

"वयाने केवढे मोठे आहेत ते तुमच्यापेक्षा. मध्ये घुसलात?"

"चुकलं, काकू."

"मला काय सांगता? जा. मागे जाऊन उभे राहा."

मी उठलो. मुळा त्यांनी परत माझ्या हातात दिला. तो घेऊन मी बाहेर गेलो आणि कॉरिडॉरच्या टोकाला, भिंतीला लागून उभा राहिलो.